कपारीतला उजेड

साठचा बल्ब पहिल्याच दिवशी चूक ठरला. तेलाचा डबा कापून मी त्याला पत्र्याची टोपी केली होती आणि तो टाकीवर टांगला होता. दुपारपर्यंत पाण्यातल्या थर्मामीटरचा पारा तेहतिसावर गेला. टाकीतलं लाल समुद्रफूल आपली सगळी बोटं आत ओढून जांभळाएवढा गोळा होऊन बसलं.

टाकी लहान होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, मी ती चिंचणीच्या आमच्या घरात पडवीच्या कोपऱ्यात ठेवली. समुद्र घरापासून पंधरा मिनिटांवर, पण आयुष्यात मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नव्हतो. समुद्राविषयी मला जे ठाऊक होतं ते पुस्तकातून. घरात खाऱ्या पाण्याची टाकी कशी राखावी, यावरचं एक इंग्रजी पुस्तक ग्रंथालयाच्या रद्दीत निघालं, ते मी घरी आणलं होतं. लिहिणारा इंग्लंडच्या किनाऱ्यावर बसून लिहीत होता हे मला कळत होतं. पण छापलेल्या शब्दावर माझा विश्वास लवकर बसतो आणि माणसांवर उशिरा. कधी कधी बसतच नाही.

पाणी आणि समुद्रफूल, दोन्ही धर्माजीने आणून दिलं होतं. धर्माजी मांगेलआळीत राहतो, मासेमारी करतो. त्याची बायको जमुना वीस वर्षं आमच्या दारात मासळीची टोपली उतरवते. त्या ओळखीवर मी त्याला हे काम सांगितलं. पंधरवड्यातून एक-दोनदा तो सायकलला दोन कॅन बांधून पाणी आणायचा. त्याला ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’, हे मला वीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं, म्हणून दोन्ही टाळून मी वाक्यं करायचो. समुद्रफूल हा शब्दही माझाच, पुस्तकातल्या ‘सी ॲनिमोनी’ या प्राण्यासाठी केलेला. त्याच्याकडे काय म्हणतात म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, “जे खात नाय, इकत नाय, त्याला नाव कशाला ठेवायचा?”

पहिल्या आठवड्यात टाकीवर दिवा नव्हता. एका संध्याकाळी, धर्माजी नवं पाणी ओतून गेला त्याच दिवशी, मला ते फूल उमललेलं दिसलं. म्हणजे दिसल्यासारखं वाटलं. पडवीच्या कोपऱ्यात उजेड फार कमी. लाल रंगाचं काहीतरी पाण्यात पसरलं होतं आणि हलत होतं. मी नाक काचेला लावून बसलो, तरी नीट दिसेना. पुस्तकात लिहिलं होतं, उथळ समुद्रात पडतो तितका उजेड टाकीत पडावा, कमी उजेडात असे प्राणी खंगतात. म्हणून दिवा.

साठच्या बल्बचा उपद्व्याप संपल्यावर मी एसटीने बोईसरला गेलो. तिथे रामनाथचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकानात कारखान्यांतली माणसं उभी होती, सगळं बोलणं-चालणं हिंदीत चाललेलं. त्या गर्दीत ‘माशांसाठी दिवा’ हे शब्द मला उच्चारावे लागले.

“मास्तर,” रामनाथ म्हणाला, “समुद्रात कोणी वायर टाकलीय का? मग माशाला लाइट कशाला?”

सगळे हसले. मी मास्तर कधीच नव्हतो, पण शाळेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला इकडे मास्तर म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. रामनाथने मग एक निळा झिरोचा बल्ब दाखवला, चार फुटी ट्यूब दाखवली, आणि शेवटी दोन फुटी, वीस वॅटची. तिने पाणी तापणार नाही, असं त्याचं म्हणणं. पट्टी, चोक, स्टार्टर सगळं बांधून मी घरी आणलं. घरी उलगडल्यावर पाहिलं तर ट्यूबची दोन्ही टोकं किंचित काळी. वापरलेला माल गळ्यात मारला, हे मी मनात धरलं. परत जाऊन विचारणं मला जमण्यासारखं नव्हतं. त्याऐवजी मी रोज त्या ट्यूबची काळी टोकं स्वयंपाकघरातल्या ट्यूबच्या टोकांशी ताडून पाहत बसलो.

पाणी मात्र खरंच तापलं नाही. टाकी इतकी लख्ख झाली की तळाच्या वाळूचे दाणे मोजता यावेत. सकाळी आठला मी ट्यूब लावायचो, संध्याकाळी सहाला बंद करायचो, रेडिओच्या वेळेवर. आठ, बारा आणि चार वाजता टाकीत पाहून वहीत नोंद करायचो. पहिल्या दिवशी ‘बंद’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी ‘बंद’. नवव्या दिवशीही ‘बंद’. फूल आता खडकाच्या तुकड्याला चिकटलेला एक लाल गोळा होतं. त्याला चमक राहिली नव्हती.

दिवा पुस्तकाप्रमाणे होता. मग चूक कुठे? ट्यूबवरचा संशय हळूहळू पाण्याकडे वळला. उमललं होतं ते नवं पाणी आलं त्या दिवशी, तेव्हा पहिलं पाणी चांगलं असणार. नंतरचं चांगलं नसणार. एकदा हा विचार मनात शिरल्यावर सगळ्या गोष्टी त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास धर्माजी पाणी आणायचाच नाही. “आता नाय चांगला,” एवढंच म्हणायचा. चांगलं का नाही, ते सांगायचा नाही. त्या दिवसांत गावात खाडीच्या पाण्याबद्दल बरंच बोललं जायचं, कुठल्या तरी कारखान्याचं काळं पाणी नाल्याने खाडीत येतं म्हणून. खडकांवरून भरलेले कॅन आणण्यापेक्षा सायकल जाईल तिथून, खाडीच्या तोंडाशी, कॅन बुडवणं सोपं. मी असतो तर तेच केलं असतं, असंही मला वाटलं, आणि त्यामुळे खात्री आणखी वाढली.

मी त्याला विचारलं नाही असं नाही.

“विचारलंत काय नक्की?” विजया, माझी बायको, म्हणाली.

“पाणी कुठलं, म्हणून.”

“मग?”

“म्हणाला, जागा नाय सांगत. आणि हसला.”

“हसला ना? मग चांगलंच असेल.”

तिचा माणसांचा हिशोब असा सरळ असतो. मला त्याचं हसणं चोरट्यासारखं वाटलं होतं. जागा लपवण्यासारखी असल्याशिवाय माणूस लपवेल कशाला?

एका सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत जाऊन बसलो. तासाभराने धर्माजीची सायकल दिसली. खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर, एका झुडपाला टेकून उभी. कॅन सायकलवर नव्हते. मला हवं ते मिळालं होतं. पुढे जाऊन पाहायचं धाडस झालं नाही, आणि गरजही वाटली नाही. घरी येईपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं. जणू चोरी मीच केली होती.

दुसऱ्या दिवशी जमुनाने टोपली उतरवताना विजयाला विचारलं, मास्तर काल सुरूत बसून कोनाला बघत होते? विजयाने माझ्याकडे पाहिलं. मी आत गेलो.

त्यानंतर मी जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. औषधाची एक बाटली धुऊन तिच्यात टाकीतलं पाणी भरलं. शाळेतले विज्ञानाचे एकनाथ सर प्रयोगशाळेत ते तपासून देतील, असा विचार होता. पस्तीस वर्षं मी पुस्तकांना चिठ्ठ्या लावल्या, चिठ्ठीशिवाय वस्तू ठेवणं माझ्या हाताला जमत नाही. म्हणून बाटलीलाही चिठ्ठी लावली. तारीख लिहिली, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘धर्माजीने आणलेले पाणी. ठिकाण संशयास्पद.’ बाटली पडवीच्या खिडकीत ठेवली. एकनाथ सरांकडे जायला दोन दिवस मला निमित्त सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी आला. मी आत चष्मा शोधत होतो. बाहेर आलो तेव्हा दोन्ही भरलेले कॅन पायरीवर होते आणि तो खिडकीपाशी उभा होता. तो चौथीपर्यंत शिकलेला आहे. बोट फिरवत, एकेक अक्षर लावत त्याने चिठ्ठी पूर्ण वाचली. मी मध्येच बाटली उचलू शकलो असतो. उचलली नाही.

“पान्यावर माजा नाव कशाला?” त्याने विचारलं.

“तपासायला,” मी म्हणालो. “म्हणजे पाणी. पाणी तपासायला.”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे त्याने मला जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी काही माणसं अशाच बाटल्या घेऊन किनाऱ्यावर आली होती. कुठून पाणी घ्यायचं ते ज्यांनी दाखवलं, त्यांची नावं त्यांनी कागदावर घेतली. पुढे नावं घेतलेल्यांना पालघरच्या कचेरीतून तीन वेळा बोलावणं आलं. एकदा हे सांगा, एकदा ते सांगा, एकदा इथे अंगठा करा. पाण्याचं काय झालं कोणाला कळलं नाही, पण नावं कागदावर राहिली. दुसरी गोष्ट जागेची. खडकातली आपली जागा मांगेलआळीत कोणी कोणाला सांगत नाही. त्याच्या बापाने त्याला ती मरायच्या आदल्या वर्षी दाखवली होती.

“आमी भावाला पन नाय सांगत,” तो म्हणाला. “तुमाला तिथली वस्तू आनून दिली. आनि तुमी सुरूत बसून माज्यावर पाळत ठेवता.”

त्याने दोन्ही भरलेले कॅन उचलले, परत सायकलला बांधले आणि तो निघून गेला.

त्या दिवसापासून पाणी बंद झालं. जमुनाची टोपलीही आमच्या दाराशी उतरेना. ती समोरून जायची आणि शेजारच्या घरी बसायची. तिथलं बोलणं आमच्या पडवीत ऐकू यायचं. विजयाला मासळीसाठी बाजारात जावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती बोलली.

“तुम्ही त्याला चोर लिहिलंत.”

“चोर नाही लिहिलं.”

“मग काय लिहिलंत?”

मी सांगितलं.

“तेच झालं,” ती म्हणाली.

टाकीतलं पाणी दर आठवड्याला पावपट तरी बदलावं, असं पुस्तकात होतं. दहा दिवसांत ते बदललं गेलं नाही. काचेवर पिवळट थर आला. फूल करवंदाएवढं उरलं. ट्यूब मी लावतच होतो, कारण ती बंद करावी असं कुठे लिहिलेलं नव्हतं. अकराव्या दिवशी चार वाजता मी ‘बंद’ लिहायला वही उघडली आणि माझ्या लक्षात आलं, की हा जीव आता मरणार, आणि मेला की धर्माजीचं पाणी वाईट होतं असंच मी जन्मभर धरून चालणार. तो समज खोटा ठरवायला मग काहीच उरणार नव्हतं. मी चपला घातल्या.

मांगेलआळीत मी वीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. धर्माजी अंगणात जाळं शिवत बसला होता. वाटेत तीन-चार चांगली वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी नुसता उभा राहिलो. जमुना दारातून म्हणाली, “बसा मास्तर. इथं सुरूचा झाड नाय, मोकल्यावरच बसावा लागल.”

मी बसलो आणि वही धर्माजीच्या हातात दिली. त्यात त्याच्या जागेबद्दल काही लिहिलेलं नाही, एवढंच दाखवायचं होतं. त्याने पानं उलटली.

“ह्या काय? बंद, बंद, बंद?”

मी सांगितलं. ते उघडत नाही. त्याला उजेड भरपूर देतो, तरी नाही.

“कवा बघता तुमी?”

“आठ, बारा आणि चार.”

“रोज?”

“रोज. बरोबर.”

“घड्यालाने?” तो पहिल्यांदा हसला. “अगं जमुना, मास्तरची ती वस्तू घड्याल बघते.”

आतून जमुनाही हसली. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण हसणं चोरट्यासारखं नव्हतं, हे कळलं. धर्माजीने वही मिटून मला परत दिली. तृतीयेला सकाळी लवकर यायचं, वही घरी ठेवायची, आणि पाहिलं ते कोणाला बोलायचं नाही, एवढं त्याने सांगितलं.

तृतीयेला आम्ही निघालो. त्याने सायकल खाडीच्या वाटेवर, त्याच झुडपाला टेकून ठेवली आणि कॅन खांद्यावर घेतले. खाडीकडे तो वळलाच नाही. तिथून पुढे खडक होते, आणि खडकांवर सायकल जात नाही. मी खडकांकडेच पाहत राहिलो. त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही. पाऊण तास तो मला ओल्या खडकांवरून, दंडाला धरून, वळसे घेत नेत होता. वाट माझ्या लक्षात राहू नये म्हणून वळसे घेतो, असं मला वाटलं. तसं असेलही.

ओहोटी पूर्ण झाली होती. एका मोठ्या खडकाखाली वीतभर उंचीची कपार होती, समुद्राच्या बाजूला उघडी. सूर्य आमच्या पाठीमागे. कपारीत काळोख होता.

“तोंड आत घाला,” धर्माजी म्हणाला.

मी पोटावर झोपलो. आधी काही दिसलं नाही. डोळे सरावल्यावर वरच्या दगडाला लटकलेले गोळे दिसू लागले, लाल, ओले, पन्नास-साठ तरी. सगळे मिटलेले.

“मेलेत?”

“मरतील कशाला? पानी नाय तर तोंड कशाला उघडतील?”

आम्ही तिथे बसून राहिलो. तासाभराने पाणी वळलं. आधी खडकाच्या बुडाशी पातळ थर आला, मग ते कपारीत शिरायला लागलं. होता तोही उजेड पाण्याने गढूळ, हिरवट करून टाकला. पुन्हा तोंड खाली केलं तेव्हा एक गोळा सैल झाला होता. मग दुसरा. बोटं बाहेर येऊन पाण्यात पसरू लागली. मला ती धड दिसत नव्हती, पण आमच्या पडवीत पहिल्या आठवड्यात मी पाहिलं होतं ते हेच, यात मला शंका राहिली नाही.

परतताना धर्माजीने मला काही गोष्टी सांगितल्या, मी न विचारता. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तळाचा चिखल ढवळतं, म्हणून त्या दिवसांत तो पाणी आणत नाही. सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते कमी चढतं, कमी उतरतं, त्यात गाळ खाली बसतो. तेव्हाचं पाणी तो कॅनमध्ये भरतो. भरती कधी येणार हे तो तिथीवरून काढतो, तिथीची पाऊणपट केली की वाजलेले तास मिळतात. तृतीया, म्हणजे सव्वादोन. त्याने हे चालता चालता तोंडी केलं. मला कागद लागला असता.

“आणि दिवा?” मी विचारलं. “किती असावा?”

त्याने हाताची ओंजळ करून माझ्या डोळ्यांवर धरली, बोटांत थोडी फट ठेवून. “येवडा.”

मी ट्यूब उतरवली. रामनाथकडून पंधराचा बल्ब आणला. ट्यूब खराब निघाली का, असं त्याने विचारलं. नाही म्हणालो. नव्या ट्यूबची टोकंही कारखान्यात पेटवून बघताना थोडी काळी होतात, असं तो आपणहून म्हणाला. खरं असेल. मी विचारलं नसताना त्याने ते का सांगितलं, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन दिवस भिजवलेलं एक फुटकं कौल मी टाकीत तिरकं बसवलं आणि फूल चिकटलेला दगड त्याखाली सरकवला. बल्ब वरून काढून बाजूला, पत्र्याच्या टोपीच्या आड ठेवला. पंचांग बटणाशेजारी खिळ्याला अडकवलं. दिवसा ओहोटीने पाणी उतरलेलं असेल तेवढे तास दिवा, पाणी भरायला लागलं की बंद. म्हणजे वेळ रोज बदलणार, पाऊण तासाने पुढे सरकणार. वहीत नवीन पान काढलं आणि मग वही मिटून ठेवली.

पाणी पुन्हा आणीन, असं धर्माजी म्हणाला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. सप्तमीला सकाळी सातच्या सुमारास सायकलची घंटा वाजली. त्याने कॅन पायरीवर उतरवले. आधी बाटली नसलेल्या खिडकीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या मिटलेल्या वहीकडे, मग टाकीकडे. भरती सव्वापाचाची, पाणी अजून पुरतं उतरलेलं नसणार, म्हणून दिवा अजून लावायचा नव्हता. तो वाकला. मीही वाकलो.

“उघडली?”

“वाटतंय.”

“दिसत नाय.”

“नाही दिसत.”

तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, “बोईसरवरना येवडा सामान आनून शेवटी काळोखच केला, मास्तर.”

विजयाने चहा आणला. धर्माजी पायरीवर बसून चहा पिऊ लागला आणि मी जुनं पाणी उपसायला घेतलं. कौलाखाली हात घातला तेव्हा बोटांना काहीतरी मऊ, चिकट लागलं आणि पटकन मागे झालं. मी हात तसाच काढून घेतला. चहा पिताना धर्माजीची नजर दोनदा माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडे गेली. मी पेन्सिल काढून खिडकीत, बाटली होती तिथेच ठेवली. मग तेही बरं दिसेना, म्हणून परत खिशात घातली.